आईने परत सांगितलं

रविवार, १२ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघूनही तू पत्र उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. भाऊजींना नमस्कार. भाचीला पापा, आणि ती आता पापा घ्यायच्या वयाची राहिली नसेल तर नुसतं 'मामाने विचारलंय' म्हण.

इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा अखेर बदलला. वरची टाकी गळते ती गळतेच आहे. आई बरी आहे. जेवते व्यवस्थित, पडली-बिडली नाही, दुपारी खिडकीत बसून रस्त्यावरची भांडणं ऐकते आणि संध्याकाळी मला सगळी साभिनय करून दाखवते.

फोन का नाही केला, असं तुझ्या मनात येईल. दोन खोल्यांचं घर आहे, ताई. मी इकडे कुजबुजलो तरी तिकडून 'कोणाचा रे?' येतं. शिवाय फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. त्या दिवशी जिन्यात झालं तेच होतं. तू एक वाक्य बोललीस आणि मी बोलत सुटलो. 'अडचणीतल्या माणसांपुढे गोड गोड बोलायचं, हे काय काम झालं?' हे तुझं वाक्य मला अजून पाठ आहे. मी काय काय बोललो ते मात्र आठवत नाही, आणि न आठवलेलंच बरं.

कामाचं तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. नव्या औषधाचा अभ्यास करायचा तर ते घेऊन बघणारी माणसं लागतात, आणि ती माणसं मी शोधतो. आमचा अभ्यास कंपवाताच्या गोळीचा आहे. हो, आईचाच आजार. सकाळी दवाखान्याच्या हॉलमध्ये जातो, नंबरची वाट बघत बसलेल्यांच्या शेजारी बसतो. समोर नाही, शेजारी. समोर बसलं की माणसाला परीक्षा वाटते. अभ्यास कशाचा, त्रास काय होऊ शकतो, नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडता येतं, हे सगळं सांगतो. 'मुलाला विचारून सांगतो' म्हणाले की समजायचं, नाही. एक काका आहेत, पूर्वी बस चालवायचे, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'ते राहू द्या, तुम्ही डॉक्टरांकडे माझा नंबर लवकर लावाल ना?' मी म्हटलं, काका, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. ते म्हणाले, 'बरं बरं,' आणि डोळा मारला.

तुला वाटतं मी त्यांना गुंडाळतो. तसं नाही. आई आज जी गोळी घेते, तीसुद्धा आधी कोणीतरी घेऊन बघितली होतीच की. आणि आम्ही हो म्हणवून घेऊन मोकळे होत नाही. सगळं सांगून झालं की त्या माणसाला म्हणायचं, आता तुम्ही मला परत सांगा, तुमच्या शब्दांत. जमलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्याला आम्ही 'परत सांगणं' म्हणतो. परत सांगता आल्याशिवाय कोणाची सही घ्यायची नाही, हा पक्का नियम.

मी नवा होतो तेव्हा हे सगळं घरी आईवर घोटायचो. ती मटार सोलायची, मी पेशंट म्हणून तिला समजवायचो. 'पोपटा, फार भरभर बोलतोस, माणूस गुदमरेल,' म्हणायची. तूच ठेवलेलं नाव तिने उचललंय. तिच्यामुळेच मला जरा सावकाश बोलता यायला लागलं.

अजून एक सांगायचं होतं. राहू दे, पान संपलं.

तुझा
पोपट


मंगळवार, १४ नोव्हेंबर

ताई,

परवाचं पत्र टाकलंच नाही. खिशात घालून पोस्टाच्या पेटीसमोरून गेलो आणि तसाच परत आलो. नमनाला घडाभर तेल, आणि मुद्द्याचं एक अक्षर नाही. पान संपलं वगैरे काही नव्हतं.

आई पडली. शुक्रवारी मोरीत पडली. मोडलं काही नाही, कोपर काळंनिळं झालंय. त्याआधी जिन्यातही पडली होती, ते मला खालच्या शिंप्याने सांगितलं. आईने नाही.

आता पहिल्यापासून सांगतो, आणि या खेपेला मध्ये टाकी गळणार नाही.

आमच्या या अभ्यासाची दोन केंद्रं आहेत. एक आमचं, दुसरं पुलापलीकडे. तिथे माझं काम करते ती मुलगी फार सावकाश बोलते, म्हणून आम्ही तिला हळूबाई म्हणतो. महिन्यातून एकदा दोन्हीकडचे लोक एकत्र बसतात. गेल्या महिन्यात ती कौतुकाने सांगत होती, 'माझ्याकडे एक आजी आल्यात. इतकं सुरेख परत सांगितलं त्यांनी, मला वाटलं मीच त्यांच्याकडून शिकावं. म्हणाल्या, दोन डबे आहेत, बाहेरून अगदी जुळे. एकात औषध, एकात नुसती पूड. माझ्या वाट्याला कुठला आला ते मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही. देवाने विचारलं तरी त्याला सांगायचं, बाबा, रांगेत थांब, अभ्यास संपला की सगळ्यांना एकदमच कळेल.'

सगळे हसले. मी सोडून.

ताई, ते डब्यांचं माझं आहे. आणि देवाचं वाक्य मी दवाखान्यात कधीच बोललेलो नाही. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, देवाला मध्ये आणायचं नाही. ते मी फक्त घरी बोललो होतो, मटार सोलणाऱ्या बाईसमोर.

संध्याकाळी घरी गेलो. चपलाही काढल्या नाहीत.

'आई, तू पुलापलीकडे गेली होतीस?'

'गेले होते की. दोन बस बदलाव्या लागतात. पण कंडक्टर भला आहे, हात देतो.'

'कशाला गेलीस?'

'तूच रोज रडत होतास ना? माणसं मिळत नाहीत, असंच चाललं तर काम बंद पडेल. म्हटलं, आपला आजार आहेच आयता, तर पोराच्या उपयोगी पडू दे.'

'अगं, पण ते केंद्र वेगळं! तिथली माणसं माझ्या आकड्यात धरत नाहीत!'

तिने हातातली शेंग खाली ठेवली. 'असं होय?' म्हणाली. 'मग आधी सांगायचं नाहीस?'

हसू नकोस. म्हणजे हस, मलाही तेव्हा हसू आलं होतं, पण ते टिकलं नाही. आमच्यात काम करणाऱ्यांच्या घरच्यांना घेत नाहीत. तो नियमही मीच तिला कधीतरी सांगितला होता, म्हणून तर ती माझ्या दवाखान्यात न येता तिकडे गेली. मी विचारलं, तुला तिथे विचारलं नाही का, घरातलं कोणी या कामात आहे का म्हणून? 'विचारलं.' मग? 'नाही म्हटलं.' मी म्हटलं, आई, तू खोटं बोललीस? तर म्हणते, 'आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. "उद्या नक्की देते" म्हणायचे ते काय होतं?'

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी म्हटलं, तुला मिळतंय ते औषध आहे की पूड, कोणाला माहीत! ती माझ्याकडे बघून अशी हसली, जसा काही मी लहान आहे. 'मला खरीच मिळणार. तू आहेस ना तिथे.'

'आई, तूच परत सांगितलंस ना, कोणालाच माहीत नसतं म्हणून?'

'ते सांगायचं असतं म्हणून सांगितलं.'

ते सांगायचं असतं म्हणून सांगितलं! मला ते बसवाले काका आठवले. 'बरं बरं' म्हणून डोळा मारणारे. त्यांनीही मला सगळं झकास परत सांगितलं होतं आणि मी खूश होऊन सही घेतली होती. अशी किती माणसं माझ्यासमोर पोपटपंची करून गेली असतील? आणि त्यांना ती पढवणारा मीच.

त्याच दिवशी हळूबाईला फोन करायला हवा होता. केला नाही. आई म्हणाली, 'मला काढू नकोस रे,' आणि मी मूग गिळून बसलो. का, ते तुला सांगतो, कारण तू ओळखणारच. एक म्हणजे नोकरीची भीती. सगळ्यांना वाटणार, आकडा फुगवायला मीच आईला तिकडे पाठवलं. आणि दुसरं असं, की तेव्हा तिचा हात खरंच बरा वाटत होता. एके दिवशी तिने माझ्या शर्टाचं बटण लावलं, सुईत दोरा स्वतः ओवून. किती वर्षांनी! मला वाटलं, लागू पडलं तर? लागू पडत असेल तर मी कोण तिच्या तोंडून काढून घेणारा? रोज लोकांना सांगतो की काहीच खात्री नसते, आणि घरी येऊन त्या बटणाकडे बघत बसतो.

मग ती पडायला लागली. या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, हे आम्ही सगळ्यांना सांगतो. तिलाही सांगितलेलं आहे. परवा गुरुवारी तिची भेट आहे, आणि त्या भेटीत गोळी दुप्पट करतात. चक्कर येते, पडले, असं पेशंट म्हणाला तर नाही करत. आणि ही काय म्हणणार? मी विचारलं. 'छान आहे म्हणणार. दर वेळी तेच म्हणते.'

काल मी तिला बसवून सगळं समजावलं. कोणत्या गोळीने काय होतं, पडून खुबा मोडला तर काय होईल, खरं सांगणं का महत्त्वाचं आहे. माझ्या आयुष्यात इतकं चांगलं मी कोणाला समजावलं नसेल. ती मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, 'तू छान समजावतोस रे. पण ती मुलगी विचारते.'

'काय विचारते?'

'कशा आहात, म्हणून. आणि मग गप्प बसते. मी बोलेपर्यंत गप्प बसते.'

'मग तिला तरी खरं सांग की!'

'इतक्या मायेने विचारते बिचारी. तिला काय पडल्याचं सांगायचं?'

आता बोल. इकडे आड, तिकडे विहीर. मी हळूबाईला कळवलं तर आईचं खोटं उघडं पडेल आणि ती जन्मभर म्हणेल की पोराने चहाडी केली. नाही कळवलं तर परवा गोळी दुप्पट होईल. तू म्हणशील, यात विचार काय करायचाय? बरोबर आहे. म्हणूनच तुला फोन केला नाही. तू सांगितलं असतंस काय करायचं, मी ते केलं असतं, आणि मग वाईट झालं की तुझ्या नावाने खडे फोडत बसलो असतो. आजवर तेच करत आलोय.

उद्या सकाळी पत्र नक्की टाकतो.

पोपट


शनिवार, १८ नोव्हेंबर

ताई,

टाकलं नाही. आता तिन्ही कागद एकाच पाकिटात घालतोय, वर तिकीटही जास्तीचं लावलंय, म्हणजे हात मागे घ्यायला नको.

गुरुवारी मी रजा टाकली आणि आईबरोबर गेलो. तिला वाटलं सोबतीला येतोय. मी ठरवलं होतं, ती 'छान' म्हणाली की मी मध्ये पडायचं, मग काय व्हायचं ते होवो. दुसऱ्या बसमध्ये सगळं मनात घोटून ठेवलं होतं. सवयच आहे ना मला.

तिथे हॉलमध्ये आमच्यासारख्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, तसंच घरघरणारं पाण्याचं मशीन. फक्त मी पेशंटच्या बाजूने पहिल्यांदाच बसलो होतो. नंबर यायला वेळ होता. आई उजवा हात मांडीखाली दाबून बसली होती. दोन महिने मला वाटत होतं, तिला बसायची ती सवय लागलीय. कंप दिसू नये म्हणून दाबते, हे मला तिथे, त्या खुर्चीवर कळलं. घरात रोज समोर असून दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, 'आई, कशी आहेस?'

'बरी आहे की.'

आणि मी गप्प बसलो. ताई, तुला माहीत आहे मला हे किती जड जातं. जिभेवर दहा वाक्यं तयार होती. मी पाण्याच्या मशीनकडे बघत बसलो. एक बाई येऊन पाणी पिऊन गेली. मग आणखी कोणीतरी.

'मला अंघोळीची भीती वाटते रे,' आई म्हणाली.

मी मशीनकडेच बघत राहिलो.

'एकटी असले की मी अंघोळच करत नाही. नुसता नळ सोडते, खालच्या बाईला ऐकू जावं म्हणून. गॅस पेटवताना त्या दिवशी पदर पेटला असता. चहा तू आल्यावरच होतो तो त्याचसाठी. तुला वाटतं मी तुझी वाट बघते.' मग जरा वेळाने म्हणाली, 'तुला सांगितलं असतं. पण तुला सांगितलं की तू समजावतोस.'

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला.

मी काय काय घोटलेलं होतं त्यातलं एक अक्षर बोलावं लागलं नाही. हळूबाईने मला बघितलं, तिला काही उमगेना. आई खुर्चीत बसली, मांडीखालचा हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. तो थडथड हलत होता, टेबलावरचं पेन वाजत होतं. आणि म्हणाली, 'हा माझा मुलगा. तुमच्याच कामात आहे. मी तुम्हाला नाही सांगितलं. मी पडले, जिन्यात आणि मोरीत. मला उठताना गरगरतं.' त्यात डबे नव्हते, देव नव्हता. इतकं चांगलं परत सांगणं मी आजवर ऐकलं नाही.

हळूबाई रागावली नाही. तिने तिथल्या डॉक्टरांना बोलावलं. रक्तदाब बसून मोजला, उभं करून मोजला. उभं केल्यावर इतका उतरला की डॉक्टरांनीच तिला धरलं. गोळी त्याच दिवशी बंद. आई अभ्यासातून बाहेर. निघताना तिने विचारलं, 'आता तरी सांगा, माझ्या डब्यात काय होतं?' हळूबाई म्हणाली, आजी, ते अभ्यास संपल्यावरच. आई माझ्याकडे वळून म्हणाली, 'घे. देवाच्या मागे आता मीही रांगेत.'

बसमध्ये मात्र तिने तोंड फिरवून घेतलं. मला वाटलं चिडली. नंतर बघितलं तर रडत होती. म्हणाली, 'मला वाटलं होतं तुझ्या कामाचं काहीतरी होईल माझ्या हातून. हाताचा तेवढा तरी उपयोग.' मी तिचा हात धरला. तो थांबत नव्हता, ताई. मी धरला तरी थांबत नव्हता.

माझं म्हणशील तर मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. त्यांनी विचारलं, केव्हापासून माहीत होतं? मी खरं ते सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मीच त्यांना म्हटलं, मी आणलेल्या प्रत्येक माणसाला पुन्हा विचारा, आणि दुसऱ्या कोणाला तरी विचारू द्या. बसवाल्या काकांना आधी. माझी वाक्यं त्यांना पाठ आहेत, तेवढ्यावर जाऊ नका. ते करतील, असं वाटतं. नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही. काम वाईट नाही गं, हे मी अजूनही म्हणतो. औषधं अशीच सापडतात. पण तू जिन्यात म्हणालीस त्यात तथ्य होतं, आणि हे लिहायला मला तीन कागद लागले.

मी घरी आहे तोवर आईची अंघोळ दार लोटून होते, मी बाहेर स्टूल टाकून बसतो. आत ती बोलत असते, मी ऐकतो. काल म्हणाली की तू रोज फोनवर विचारतेस, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, आणि ती तुलाही दर वेळी 'हो, छान' म्हणते. टोमणा मारत नाही. बरं, थोडासा मारतोय. पण ये एकदा. तिच्या शेजारी बस आणि काही सांगू नकोस.

आणि अजून एक. या खेपेला पान खरंच संपत आलंय. त्या दिवशी जिन्यात तू एक वाक्य बोललीस आणि मी तुला पुढे बोलूच दिलं नाही. तू तोंड उघडलं होतंस, मला दिसलं होतं, तरी मी थांबलो नाही. तुझं दुसरं वाक्य काय होतं, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

ते लिहून पाठव. कसंही असलं तरी. आणि तू कशी आहेस, तेही लिही.

मी मध्ये बोलणार नाही.

तुझा
पोपट